शेताखालचा खडक

पठारावरील गावी नवी विहीर खणली गेली की तिच्या काठाशी दगडमातीचा मोठा ढीग उभा राहतो. हा ढीग पुढे कित्येक वर्षे तसाच पडून असतो. त्यावर बाभळी उगवतात आणि त्याकडे कोणी वळून पाहत नाही. वास्तविक विहिरीचे काम चालू असताना हा ढीग रोज पाहण्याजोगा असतो. पहिल्या काही दिवसांत काळी माती वर येते. तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागतात. मग पिवळसर मुरूम लागतो. त्याखाली पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा, कुदळ-पहारीने फुटणारा खडक येतो. पुढे सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण, आणि एखादे वेळी त्या पाषाणाच्याही खाली विटकरी रंगाच्या मातीचा हात-दोन हात जाडीचा पट्टा निघतो. तो पाहून खणणारे चकित होतात, कारण एवढ्या कठीण दगडाच्या खाली माती आली कोठून याचा उलगडा त्यांना होत नाही.

हा क्रम कसा लागला हे ज्या शेतकऱ्यास कळले, त्यास विहिरीचे पाणी कोणत्या थरातून येणार आणि शेतातील पिकास कशाची उणीव भासणार, या दोन्ही गोष्टींचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. याउलट ते न कळल्याने होणारे नुकसान लहानसहान नसते. कर्ज काढून खणलेली विहीर कोरडी निघते. ज्या जमिनीत लोह उदंड आहे तेथेच ऊस लोहावाचून पिवळा पडतो. आणि गरज नसलेल्या जमिनीत जिप्समची पोती रिकामी केली जातात.

घरातील तीन दगड

खडक तीन प्रकारे तयार होतात आणि या तिन्ही प्रकारांचे नमुने बहुतेक घरांत सापडतात. पाटा-वरवंटा हा पहिला. तो आपल्याच डोंगरातील काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असतो. पृथ्वीच्या पोटातील तप्त रस वर येऊन थिजला म्हणजे असा अग्निजन्य खडक बनतो. रस लवकर थिजला तर त्यातील खनिजांचे कण बारीक राहतात व एकमेकांत घट्ट गुंतून बसतात. बेसाल्ट हा असा खडक आहे, आणि म्हणूनच पाटा वर्षानुवर्षे वाटण वाटूनही सहसा झिजत नाही, फक्त गुळगुळीत होतो व त्यास पुन्हा टाकी लावावी लागते. हाच रस जमिनीखाली खोलवर सावकाश थिजला तर कण मोठे होतात व ग्रॅनाइट बनतो.

दुसरा नमुना घरातील शहाबादी फरशीचा. कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येणारा हा दगड चुनखडकाचा आहे. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी पूर्वीच्या काळी एका उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला व कालांतराने कठीण झाला. हे थर मूळचेच सपाट असल्याने फरशी त्या मानाने सहज सुटते. वाळूपासून वालुकाश्म व चिखलापासून पंकाश्म हेही असेच गाळाचे खडक होत. चंद्रपूर व वणीकडील दगडी कोळसाही गाळाच्या थरांतच गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा झालेला आहे.

स्वयंपाकाच्या ओट्यावरील काळा कडाप्पा पाहून पुष्कळांस तो काळ्या पाषाणाचाच भाऊ वाटतो. तो समज चुकीचा आहे. आंध्रातील कडप्पा भागातून येणारा हा दगडही चुनखडकच होय. गृहिणींना हे वेगळ्या रीतीने ठाऊक असते : ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला तर तेथे पांढुरका डाग पडतो, तोच पाट्यावर पडत नाही. लिंबातील आम्ल कडाप्प्यातील चुना खाते. बेसाल्टवर त्याचा तसा परिणाम होत नाही. ही साधी परीक्षा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती शेतातही उपयोगी पडणार आहे.

तिसरा नमुना आता घरांतून नाहीसा होत चालला आहे. तो म्हणजे मुलांची दगडी पाटी. पंकाश्म जमिनीखाली दाब व उष्णता यांत सापडला की त्यातील खनिजे एकाच दिशेने पसरून बसतात आणि दगडाचे पातळ पापुद्रे निघू लागतात. अशा रूपांतरित खडकाची पाटी आंध्रातील मार्कापूर येथून देशभर जात असे. चुनखडकाचे असेच रूपांतर होऊन संगमरवर होतो.

खडक हे खनिजांचे मिश्रण असते, खनिज मात्र ठरलेल्या घटकांचे असते. मीठ हे खनिज होय. अंगास लावण्याची पावडर जिच्यापासून होते ते शंखजिरे हे खनिज होय. सर्व खनिजांत ते मऊ, नखाने ओरखडता येणारे. रात्री पाण्याची पाळी असताना शेतकरी जी विजेरी हाती घेतो, तिच्या साध्या सेलमध्ये मँगनीजचे एक काळे खनिज भरलेले असते, आणि भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाण अशा प्रतीच्या खनिजासाठी प्रसिद्ध आहे.

काळा पाषाण कसा झाला

महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक भूमी एकट्या बेसाल्टवर वसलेली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. उंच शंकूच्या ज्वालामुखीचे चित्र पुस्तकांत असते तसा हा प्रकार नव्हता. रस पातळ असल्याने तो पुराच्या पाण्यासारखा दूरवर पसरला व थिजला. काही काळाने पुन्हा रस आला व पहिल्या थरावर पसरला. असे अनेक थर एकावर एक बसले. यांतील बहुतेक रस सुमारे दहा लाख वर्षांच्या काळात बाहेर पडला असे मानले जाते. खडकांच्या इतिहासात हा काळ फार थोडा समजला जातो. आज हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आढळतात. सह्याद्रीच्या कड्याकडे लांबून पाहिले असता जिन्याच्या पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात ते या थरांचेच. स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरूनच या खडकास 'ट्रॅप' हे नाव मिळाले.

थरांची एकूण जाडी पश्चिमेस अधिक व पूर्वेस कमी आहे. कोयनेच्या परिसरात संशोधनासाठी घेतलेल्या एका छिद्रात सुमारे ९३० मीटर खोलीपर्यंत बेसाल्टच लागला व त्याखाली ग्रॅनाइटी खडक आला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात ही जाडी सुमारे ३४० मीटर भरली. नागपूरच्या पूर्वेस तर हा थर संपतोच आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत मुख्यतः जुने ग्रॅनाइटी व रूपांतरित खडक उघडे पडतात. नागपूरकडे बांधकामास वापरली जाणारी कन्हान नदीची वाळू फिकी व चमकदार असते ती यामुळेच. ती त्या खडकांतील गारेची आहे; बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसते.

आता प्रत्येक थराची आतली रचना पाहावी, कारण विहिरीचा सारा प्रश्न तिच्यात आहे. शिलारस थिजत असता त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकतात. त्यामुळे थराचा वरचा भाग भाकरीच्या पापुद्र्याखाली असावा तसा पोकळ्यांनी भरतो, आणि खालचा व मधला भाग भरीव व घट्ट राहतो. पुढे या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहते व त्यात विरघळलेली द्रव्ये पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने बसतात. विहिरीच्या ढिगात जे पांढरे-हिरवट ठिपके दिसतात ते हेच. अशा ठिपक्यांच्या खडकास पुष्कळ ठिकाणी 'मांजऱ्या' म्हणतात. एखादी पोकळी मोठी असली तर तीत गारगोट्यांचे किंवा झिओलाइट वर्गातील खनिजांचे अतिशय देखणे झुबके सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील अशी खनिजे जगभरच्या संग्रहालयांत गेली आहेत, आणि सिन्नर येथे तर 'गारगोटी' या नावाचे संग्रहालयच आहे.

एक थर थिजल्यावर दुसरा रस येईपर्यंत कधी कधी बराच काळ जाई. तेवढ्यात पहिल्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून त्याची माती होई. पुढच्या तप्त रसाने ती झाकली जाऊन भाजून निघाली. कठीण पाषाणाखाली सापडणारा विटकरी पट्टा तो हाच. तो लागला म्हणजे वरचा एक थर संपून खालचा थर सुरू झाला असे समजावे.

एकच खडक, दोन जमिनी

बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे निम्मी असते. चुना दहा टक्क्यांच्या आसपास व लोहाची संयुगे दहा ते चौदा टक्के असतात. मॅग्नेशियमही भरपूर असते. पालाश मात्र एक टक्काही नसतो. पावसाचे पाणी हवेतील व मुळांपाशी निघणारा कर्बवायू शोषून किंचित आम्ल बनते व खडकाच्या भेगांत शिरून खनिजांची घडी मोडते. मुरमाच्या खाणीत कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे सर्वांनी पाहिलेले असतात. भेगांनी चौकोनी तुकडे पडावेत, त्यांचे कोपरे आधी कुजावेत आणि मधला भाग गोल राहावा, अशी ही क्रिया आहे. हे पापुद्रे सुटे झाले की मुरूम, आणि मुरूम आणखी कुजला की माती. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. वीटभट्टीसाठी वरची माती विकणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

माळावर तयार झालेली माती पावसाबरोबर खाली वाहून जाते. त्यामुळे माथ्यावर उथळ, मुरमाड बरड; उतारावर मध्यम; आणि नदीकाठच्या सखल भागात खोल काळी जमीन, असा क्रम एकाच शिवारात दिसतो. खडक सर्वत्र एकच असतो, फक्त मातीचे स्थलांतर झालेले असते. बेसाल्टपासून होणारी चिकणमाती पाण्याने फुगणारी व उन्हाने आकसणारी आहे. उन्हाळ्यात काळ्या रानास पडणाऱ्या भेगा तिच्यामुळेच पडतात. हीच माती पावसाचे पाणी धरून ठेवते व मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हिवाळ्यात त्या ओलीवर पोसते.

पठारावर पाऊस बेताचा, बऱ्याच भागांत ५०० ते ७०० मिलिमीटर. एवढ्या पावसात खडकातून सुटलेला चुना जमिनीबाहेर वाहून जात नाही. तो हात-दोन हात खाली उतरतो व तेथेच खड्यांच्या रूपाने साठतो. विहिरीच्या ढिगातील पांढरे खडे असे झालेले आहेत. पूर्वी हेच खडे भाजून चुना करीत व तो घाणीत मळून वाडे बांधीत.

सह्याद्री ओलांडून कोकणात उतरले म्हणजे चित्र पालटते. तेथेही बऱ्याच भागात खाली बेसाल्टच आहे. परंतु पाऊस २५०० मिलिमीटरच्या वर, आणि हवा वर्षभर दमट. तेथे चुना, मॅग्नेशियम व पुष्कळशी सिलिकाही धुपून समुद्रास मिळते आणि मागे उरतात ती लोह व ॲल्युमिनियमची संयुगे. त्यांचा तांबडा, सच्छिद्र जांभा बनतो. जांभा ओला असता तासता येतो आणि उघड्यावर सुकून कठीण होतो. म्हणून कोकणात चिरे काढून घरे बांधण्याची रीत पडली. १८०७ साली बुकानन या प्रवाशाने केरळातील अंगाडिपुरम येथे असे चिरे पाहिल्याचे लिहिले व विटेच्या लॅटिन शब्दावरून या दगडास 'लॅटेराइट' हे नाव दिले. पाचगणीचे सपाट पठारही जांभ्याचेच आहे.

तेव्हा खडक तोच असूनही घाटावरील जमीन चुन्याने भरलेली व अल्कधर्मी, तर कोकणातील जमीन चुन्यावाचून आम्लधर्मी, असा भेद पावसाने केला आहे. खतांच्या बाबतीत घाटावरचा सल्ला कोकणात व कोकणातला घाटावर का चालत नाही, याचे मूळ येथे आहे.

लोह असून पीक पिवळे

खडकात लोह दहा टक्क्यांहून अधिक असताना भुईमूग, खोडवा ऊस किंवा मोसंबी लोहाच्या अभावी पिवळी पडावी हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते. परंतु पीक लोह घेते ते पाण्यात विरघळलेल्या रूपात, आणि चुनखडी भरपूर असलेल्या जमिनीत लोह विरघळतच नाही. ते कुलपात ठेवल्यासारखे पडून राहते. अशा पिकाची नवी, शेंड्याकडील पाने पिवळी व त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. नत्राच्या उणिवेत प्रथम खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडतात. हा भेद न ओळखता पिवळेपणा दिसताच युरिया देण्याची जी घाई केली जाते, तिने खर्च वाढतो आणि पीक होते तेथेच राहते.

येथे लिंबाच्या परीक्षेची आठवण करावी. शेतातील मातीचे ढेकूळ घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले असता ती फसफसली, तर जमिनीत मोकळी चुनखडी आहे हे निश्चित. जेवढा फेस जोराचा तेवढी चुनखडी अधिक, असा ढोबळ अंदाज करता येतो. नेमके प्रमाण मृद परीक्षण प्रयोगशाळेतूनच मिळते. फळबाग लावण्यापूर्वी नुसत्या वरच्या थराची परीक्षा करून भागत नाही. चुनखडी खालच्या थरात साठते हे वर आलेच आहे. म्हणून तीन-चार फुटांचा खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ही परीक्षा करावी. चुनखडीचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक निघाल्यास मोसंबी-संत्र्याचा विचार सोडून दिलेला बरा. झाडे पहिली काही वर्षे बरी दिसतात. मुळे चुनखडीत शिरली की पिवळी पडू लागतात, आणि तोवर लागवडीचा सर्व खर्च होऊन गेलेला असतो.

उभ्या पिकात लोहाची उणीव दिसल्यास हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अर्धा टक्का या प्रमाणात फवारावे. १० लिटर पाण्यास ५० ग्रॅम. जमिनीतून द्यावयाचे झाल्यास ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून द्यावे. नुसते हिराकस चुनखडीच्या जमिनीत पेरले तर तेही लवकरच कुलपात जाते.

जिप्समविषयी असाच गोंधळ आहे. जिप्सम हे राजस्थानात सापडणारे चुना व गंधक यांचे खनिज होय. खोल काळ्या जमिनीस कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे बेसुमार दिले आणि निचरा झाला नाही, तर खडकाच्या कुजण्यातून निघालेले क्षार वर येऊन जमीन बिघडते. नीरा खोऱ्यात हा अनुभव फार पूर्वी आला. पाडेगाव येथे १९३२ साली सुरू झालेल्या ऊस संशोधन केंद्रास या प्रश्नाकडे आरंभापासून लक्ष द्यावे लागले. बिघडलेली जमीन मात्र दोन प्रकारची असते. पृष्ठभागावर पांढरे मीठ फुलते ती खारवट. तिला चर काढून भरपूर गोड्या पाण्याने धुणे एवढेच पुरे असते. जी भिजल्यावर साबणासारखी निसरडी व सुकल्यावर दगडासारखी होते ती चोपण. तिच्या चिकणमातीच्या कणांस सोडियम चिकटून बसलेला असतो. तेथे जिप्सममधील चुना सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जाऊ शकतो. जाऊ शकतो, कारण त्यास जाण्यास वाट हवी. चर न काढता टाकलेले जिप्सम सोडियमला सोडवते आणि तेथेच ठेवते. जिप्सम किती द्यावयाचे हे माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावे. शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नव्हे.

स्फुरदाचे खतही मुळात दगडच असते. उदयपूरजवळील झामरकोटडा येथील स्फुरदयुक्त खडक प्राचीन उथळ समुद्रात सूक्ष्म जीवांनी रचलेल्या थरांत साठलेला आहे. त्याची भुकटी कोकणच्या आम्ल जमिनीत हळूहळू विरघळून पिकास मिळू शकते. घाटावरील चुनखडीच्या जमिनीत ती तशीच पडून राहते. म्हणून तेथे गंधकाम्लाची प्रक्रिया करून बनविलेले सुपर फॉस्फेट वापरावयाचे. पालाशाची खते आटून गेलेल्या प्राचीन समुद्रांच्या क्षारांतून निघतात. ती भारतास परदेशांतून आणावी लागतात, तेव्हा माती परीक्षणावाचून त्यांचा वापर करणे परवडणारे नाही.

माथ्यावरून वाहून गेलेली माती काही अंशी परत आणता येते. तलावात साचलेला गाळ म्हणजे तीच माती. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ साली सुरू झाली ती याच हेतूने. हा गाळ मुरमाड, उथळ जमिनीस द्यावा. खोल काळ्या रानात तो टाकण्यात काही लाभ नाही. निचरा मात्र आणखी मंदावतो.

विहीर

बेसाल्ट पाणी फारसे साठवीत नाही. मुरूम व मांजऱ्या या त्यातील बऱ्या थरांतसुद्धा शंभर घनफूट खडकातून एक ते तीन घनफूट पाणीच हाती लागते. तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील वाळूच्या थरांतून याच्या कितीतरी पट पाणी मिळते. म्हणून जळगावकडील विहिरीचे दाखले सोलापूर किंवा बीडच्या शेतकऱ्याने घेऊ नयेत. भरीव काळ्या पाषाणात तर भेगा असतील तेवढेच पाणी.

यावरून विहिरीच्या जागेविषयी काही गोष्टी उघड होतात. माथ्यावर मुरूम पातळ असतो व त्यात मुरलेले पाणी खाली निघून जाते. म्हणून विहीर शक्य तो सखल भागात, मुरूम जाड असेल तेथे घ्यावी. मुरुमाची जाडी पाहण्यास खोदावे लागत नाही. ओढ्याच्या कडा, रस्त्यासाठी कापलेली दरड, आणि आसपासच्या जुन्या विहिरींच्या उघड्या भिंती हे सर्व पाहण्यास मोकळे असते. एप्रिल-मे महिन्यात, पाणी तळाशी गेलेले असताना, शेजारच्या तीन-चार विहिरींत उतरून पाझर कोणत्या थरातून येतो हे पाहावे. थर जवळजवळ आडवे असल्याने एका विहिरीत तीस फुटांवर लागलेला मांजऱ्या शेजारच्या शेतात, जमिनीची उंची जमेस धरून, साधारण त्याच पातळीस लागण्याचा संभव असतो. धुळे-नंदुरबारकडे मात्र आडव्या थरांतून आरपार गेलेल्या, भेगेत थिजलेल्या रसाच्या उभ्या भिंती पुष्कळ आहेत. अशी भिंत घट्ट असली तर ती जमिनीखालच्या बांधासारखी पाणी अडविते. तिच्या चढाकडील विहीर भरते आणि पलीकडची उपाशी राहते.

हातात नारळ किंवा कडुलिंबाची काठी घेऊन पाणी सांगणारे लोक गावोगाव आहेत. त्यांचा अंदाज खरा ठरतो तेव्हा बहुधा जागाच अशी असते की तेथे कोणीही पाणी सांगावे. ज्यास खात्री करून घ्यावयाची आहे त्याने जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जावे. आसपासच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तेथे असतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी गावोगाव पोचल्या आणि 'जेवढे खोल तेवढे पाणी' असा समज रूढ झाला. वरील वर्णनावरून तो किती अपुरा आहे हे दिसून येईल. दोनशे फुटांवर पाणी न लागल्यास तीनशे फुटांवर लागेलच असे नाही. खाली दुसऱ्या थराचा पोकळ भाग आला तर लागेल, भरीव पाषाणच राहिला तर लागणार नाही. आणि खाली लागलेले पाणी जर पावसाने पुन्हा भरून येणारे नसेल तर ते दोन-तीन वर्षांत संपते. शेजाऱ्याने अधिक खोल छिद्र घेतले की पहिल्याची विहीर आटते, मग तोही खोल जातो. या चढाओढीत कर्ज दोघांचेही वाढते, शिवारातील पाणी वाढत नाही. त्यापेक्षा उघड्या विहिरीच्या तळापाशी मांजऱ्या थर धरून भिंतीत आडवी छिद्रे घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. माथ्याच्या मुरमाड माळावर समतल चर काढले तर त्यांत मुरलेले पाणी याच थराने खाली येते. हे काम एकट्याच्या शेतात होण्यासारखे नसून साऱ्या पाणलोटाचे आहे.

विहीर चांगली लागल्यावरही एक चूक वारंवार घडते. कडा ढासळू नयेत म्हणून वरपासून खालपर्यंत सिमेंटचे सलग बांधकाम केले जाते व पाणी देणारा थरच त्यामागे बंद होतो. बांधकामाची खरी गरज काळी माती व मऊ मुरूम यांपुरतीच असते. मांजऱ्या घट्ट असेल तर तो उघडा ठेवावा, ढिला असेल तर तेथे कोरडी दगडी रचाई करावी किंवा बांधकामात जागोजागी भोके ठेवावीत. काठावरचा ढीग मोडण्यापूर्वी प्रत्येक थराचा मूठभर नमुना, किती फुटांवर निघाला हे लिहून, एखाद्या पिशवीत बांधून ठेवावा. गाळ काढण्याच्या किंवा आडवी छिद्रे घेण्याच्या वेळी, आणि शेजारी नवी विहीर खणावयास निघेल त्या दिवशीही, ती पिशवी उपयोगी पडते.